उन्हाळी भाजीपाल्याला घरचं बी : धरणं, वाळवणं आणि ठेवणं

प्रश्न : आम्ही कोरेगाव तालुक्यातले. विहिरीकडेच्या दहा गुंठ्यांत घरापुरता भाजीपाला करतो. गेल्या दिवाळीच्या सुमाराला भेंडी, दोडका, चवळी आणि वांगी यांचं बी धरलं. वर्तमानपत्राच्या पुड्या बांधून स्टीलच्या डब्यात घातल्या आणि डबा स्वयंपाकघरातल्या माळ्यावर ठेवला. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात उन्हाळी लागवडीला काढलं, तर चवळीला भुंगा लागलेला. भेंडी निम्मीसुद्धा उगवली नाही. दोडका छान उगवला, मांडवभर पसरला, पण पहिलाच दोडका कडू निघाला. वांग्याचं एक झाड दुसऱ्यासारखं नाही. बी कशात ठेवावं म्हणजे पुढच्या उन्हाळीला असं होणार नाही?

उत्तर : ताई, तुम्ही डब्याचं विचारलंत, पण तुमच्या चारही तक्रारींत डब्याचा दोष फार थोडा आहे. दोडका फुलातच बिघडला होता. वांग्याचा घोळ तुम्ही विकत आणलेल्या पाकिटातला असावा. चवळीत भुंगा शेतातूनच आला. भेंडीचं बी वाळवताना गेलं असेल नाहीतर थंडीने अडलं असेल. मी पलूस तालुक्यात कृष्णाकाठी पंचवीस वर्षं रोपवाटिका चालवते आणि घरचं बी त्याच्याही आधीपासून धरते. यातली प्रत्येक चूक माझ्याकडून कधी ना कधी झालेली आहे, म्हणून जरा लांबण लावून लिहिते.

आधी दोडका, कारण तो जिवाशी खेळ आहे. कडू दोडका, कडू दुधी, कडू काकडी पोटात घालू नका. मीठ चोळून, पिळून, शिजवून ते विष जात नाही. कडू दुधीचा रस प्यायल्याने रक्ताच्या उलट्या होऊन माणसं दवाखान्यात पोहोचलेली आहेत. त्या मांडवावरचे दोडके तोडून उकिरड्यात टाका आणि त्यांचं एकही बी राखू नका.

हा कडूपणा येतो कुठून? आपल्याकडे ओढ्याकाठी, कुंपणावर कडू दोडकी आपोआप उगवते. ती आणि आपला खायचा दोडका एकाच जातीतले, त्यामुळे मधमाशीने किंवा पतंगाने तिचा पराग आणला की बी मिसळलं. यातली मेख अशी, की त्या वर्षी फळ गोडच लागतं. फळाचा गर आईवेलाचा असतो आणि बापाचा गुण फक्त आतल्या बियात उतरतो. म्हणून दिवाळीला तुम्ही गोड दोडक्याचं बी धरलंत आणि उन्हाळ्यात कडू खाल्लंत. दुधीचंही तसंच. मिरजेत सतारीला आणि तंबोऱ्याला जो मोठा भोपळा लागतो, पंढरपूर-मंगळवेढ्याकडे पिकतो तो, तो दुधीचाच भाऊ आहे आणि चवीला कडू असतो. हौसेने त्याचं बी कोणी दुधीच्या शेजारी लावलं, तर पुढच्या वर्षीच्या दुधीचा भरवसा धरू नये.

प्रमाणित बियाण्यासाठी वेलवर्गीय भाज्यांच्या दोन वाणांत ५०० मीटरचं अंतर धरतात, ज्यापासून ते प्रमाणित बी तयार होतं त्या पायाभूत बियाण्याला १००० मीटर. दहा गुंठ्यांत ते कुठून आणणार? त्यावर उपाय दोऱ्याचा आहे. दोडक्याचं फूल संध्याकाळी उमलतं. दुपारी चारच्या सुमाराला मांडवाखाली जायचं. मादी कळीच्या मागे बोटभर कोवळा दोडका दिसतो, नर कळ्या झुपक्याने येतात आणि त्यांच्या मागे नुसता देठ असतो. आज उमलणाऱ्या कळीच्या टोकाला पिवळा रंग फुटलेला असतो. अशा दोन-तीन माद्या आणि दुसऱ्या वेलावरचे चार-पाच नर हेरून त्यांची टोकं शिवणाच्या दोऱ्याने हलकी बांधून टाकायची, म्हणजे ती आपोआप उमलून माशीला सापडत नाहीत. दिवेलागणीला नर तोडायचा, पाकळ्या मागे मुडपायच्या आणि पिवळी पूड मादीच्या मधल्या भागावर फिरवायची. मग मादीच्या पाकळ्या परत मिटून बांधायच्या. देठाला लाल लोकरीचा धागा बांधला की झालं. त्या धाग्याचं फळ कोणी तोडायचं नाही, हे घरात सगळ्यांना बजावून ठेवावं लागतं. माझ्या नातवाने एकदा नेमकं तेच फळ कौतुकाने तोडून आणलं होतं. दुधीही संध्याकाळी फुलतो. काकडी, कारलं आणि लाल भोपळा सकाळी फुलतात, त्यांच्या कळ्या आदल्या संध्याकाळी बांधून ठेवायच्या. आणि बांधण्याआधी त्या वेलाचा एक कोवळा दोडका देठाकडून चिरून जिभेला लावून बघायचा. कडू लागला तर थुंकून टाकायचा, वेल उपटायचा.

वांग्याचं मला पाकीट बघायला मिळालं असतं तर बरं झालं असतं. त्यावर 'संकरित' किंवा 'एफ-१' असेल, तर त्याच्या बियापासून येणारी झाडं एकसारखी निघतच नाहीत. त्यात तुमची चूक नाही. बी धरायला सरळ वाण हवा, देशी किंवा सुधारित. आमच्याकडे याचा एक घोटाळा नेहमी होतो. 'कृष्णा' नावाचं वांगं राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने काढलेलं आहे आणि ते संकरित आहे. कृष्णाकाठची भरताची वांगी म्हणून सांगलीच्या बाजारात जी येतात, ती आमची पिढीजात. नाव सारखं वाटतं म्हणून लोक दुकानातून पहिलं नेतात, दुसऱ्यासारखं बी धरतात आणि निराश होतात.

वांग्याचं बी भाजीच्या वांग्यात तयार नसतं. फळ धरल्यापासून साधारण दोन महिने झाडावर राहू द्यायचं. हिरवं असो की जांभळं, ते पिवळट तांबूस होतं, साल निबर होते, वजन मात्र हाताला हलकं लागतं. तोडून आणखी आठवडाभर सावलीत ठेवायचं. मग देठाकडची बिनबियांची वरची बाजू कापून टाकायची, खालच्या अर्ध्या भागाच्या फोडी करायच्या आणि बादलीत पाणी घेऊन त्यात कुस्करायच्या. गर आणि पोचट बी वर तरंगतं, भरीव बी खाली बसतं. दोन-तीन पाणी बदलली की तळाला लोण्याच्या रंगाचं चपटं बी चमकायला लागतं. ते लगेच चाळणीवर काढून पातळ पसरायचं. रात्रभर पाण्यात ठेवायचं नाही. टोमॅटोचं वेगळं. त्याच्या बियाभोवती बुळबुळीत आवरण असतं, म्हणून गरासकट एक-दोन दिवस आंबवायचं. वर पांढरा साय धरला की धुऊन काढायचं, त्याच्या पुढे ठेवायचं नाही.

टोमॅटो आणि मिरचीचं बी काढताना तंबाखू मळलेले हात नकोत, मिश्रीचेही नकोत. तंबाखूतला विषाणू हातावरून या दोन्ही पिकांना लागतो. साबणाने हात धुऊन बसा. आमच्याकडे कामाला येणाऱ्या बायकांना हे सांगताना सुरुवातीला राग यायचा त्यांना, आता एकमेकींना आठवण करून देतात.

आता भेंडी. बहुतेक घरांत भेंडीचं बी कसं धरतात? तोडा संपत आला, झाड वाकलं, पानं केवडा रोगाने पिवळी पडली, की उरलेल्या निबर भेंड्या 'आता बियाला राहू द्या' म्हणून सोडायच्या. म्हणजे चांगल्या भेंड्या आपण खाल्ल्या आणि बियाला झाडाचा शेवटचा, थकलेला माल ठेवला. हे उलटं करा. फुलं लागायच्या आधीच सगळ्यांत ठणठणीत दहा-पंधरा झाडांना चिंध्या बांधा आणि त्यांची एकही भेंडी भाजीला तोडू नका. एक भेंडी निबर झाली की झाड नव्या भेंड्या धरायचं कमी करतं, म्हणून भाजीची झाडं आणि बियाची झाडं वेगळीच लागतात. एका झाडावर पाच-सहा शेंगा पुरे. फूल पडल्यापासून महिना-सव्वा महिन्यात शेंग वाळून रेघांवर तडकायला लागते. पहिली भेग दिसली की तोडायची, नाहीतर बी खाली सांडतं. केवडा बियातून जात नाही, तो पांढरी माशी पसरवते, तरीही रोगट झाडाचं बी धरू नये. ज्या झाडाने रोगात तग धरला त्याचं धरावं.

तुमची भेंडी न उगवण्याचं मला आणखी एक कारण दिसतं. तुम्ही जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात टोकलीत. कोरेगावात तेव्हा रात्री चांगलीच थंडी असते. भेंडीला माती उबदार लागते, गार मातीत बी फुगतं, पडून राहतं आणि कुजतं. फेब्रुवारी उजाडू द्या. बी रात्रभर कोमट पाण्यात भिजवून सकाळी टोका.

चवळीचा भुंगा डब्यात शिरत नाही, तो आधीपासून आत असतो. मादी शेतातच वाळत आलेल्या शेंगांवर अंडी घालते, अळी दाण्यात शिरते आणि दाणा वरून शाबूत दिसतो. महिन्या-दीड महिन्यात गोल भोक पाडून भुंगा बाहेर येतो, परत अंडी घालतो आणि डबाभर पीठ होतं. म्हणून शेंगा वेलावर फार दिवस ठेवू नका, वाळतील तशा तोडा. जुन्या बाया शेणीची राख चाळून दाण्याला चोळायच्या, ते खरंच उपयोगी आहे. राखेने किड्याच्या अंगातलं पाणी सुटतं आणि त्याला दाण्यांमधून फिरताही येत नाही. राख मात्र दाण्यांत भरपूर लागते, चिमूटभर टाकून काही होत नाही. थोडं बी असेल तर फ्रीजरचा मार्ग सगळ्यांत खात्रीचा. खडखडीत वाळलेली चवळी बंद बरणीत घालून आठवडाभर फ्रीजरमध्ये ठेवली की अंड्यापासून भुंग्यापर्यंत सगळं मरतं. ओलसर दाणा ठेवलात तर बीही मरेल. बाहेर काढल्यावर बरणी दिवसभर तशीच राहू द्या, लगेच उघडली तर गार दाण्यावर दव धरतं. तुमच्या तालुक्याचा वाघ्या घेवडा बी धरायला दोडक्यापेक्षा सोपा आहे. त्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. घेवड्याच्या फुलात आतल्या आत परागीभवन होतं, त्यामुळे दोरा बांधायची गरज नाही. नुसते रंग आणि पट्टे बघून वेगळा दाणा काढून टाकत गेलात तरी वाण शुद्ध राहतो.

आता वाळवण. माझ्या मते निम्मं यश इथे आहे. बियाण्याच्या शास्त्रात हॅरिंग्टन यांचा एक ठोकताळा आहे : बियातला ओलावा एका टक्क्याने कमी झाला की त्याचं आयुष्य दुप्पट होतं, आणि ठेवण्याच्या जागेचं तापमान ५ अंशांनी उतरलं तरी दुप्पट. ओलाव्याचा हा हिशेब ५ ते १४ टक्क्यांच्या दरम्यान लागू पडतो. भाजीपाल्याचं बी हवाबंद ठेवायचं तर ओलावा ६ ते ८ टक्क्यांवर आणावा लागतो. कागदाच्या पुडीतली चवळी श्रावणात आपोआप १४ टक्क्यांपर्यंत पोहोचते. भाद्रपदात पुडी उघडल्यावर जो कोंदट वास येतो ना, तो त्या बियाचं आयुष्य सरल्याचा वास असतो.

वाळवायचं ते आधी दोन-तीन दिवस सावलीत, वाऱ्यावर, सुपात नाहीतर सुती कापडावर. मग सकाळी नऊ-दहापर्यंतचं आणि उतरतं ऊन. पत्र्यावर नको, प्लॅस्टिकवर नको, दुपारी बारा वाजता तर मुळीच नको. दिवाळीतलं ऊन मवाळ वाटतं, पण पत्रा हाताला चटका देतो, आणि बियाला ४० अंशांच्या पुढचा ताप सोसत नाही. ओल्या बियाला तर आणखी कमी. वर कडक झालेलं बी आतून ओलं राहतं, ते फसवतं. वाळलं की नाही हे बघायला दोडका-काकडीचं बी बोटांत धरून मोडा. वाकलं तर ओलं, कट्कन तुटलं तर झालं. चवळी दाताखाली धरा, दाताचा व्रण उमटला तर अजून दोन दिवस. शंका असली तर कोरड्या काचेच्या बाटलीत थोडं बी आणि चमचाभर कोरडं मीठ घालून हलवा. मीठ काचेला किंवा दाण्याला चिकटलं तर बी हमखास ओलं आहे. मीठ चिकटलं नाही म्हणून मात्र निर्धास्त होऊ नका, तेवढ्याने ते बरणीत बंद करण्याइतकं वाळलंय असं होत नाही.

शेवटचा ओलावा उन्हाने जात नाही, विशेषतः आमच्यासारख्या नदीकाठच्या गावात. त्याला तांदूळ वापरते मी. बियाच्या दुप्पट तांदूळ कढईत कोरडे भाजायचे, तांबूस झाले की गरमच बरणीत भरून झाकण लावायचं. पूर्ण गार झाले की त्यावर बियाची सुती पुरचुंडी ठेवून बरणी पंधरा दिवस बंद. तांदूळ बियातलं पाणी ओढून घेतात. सिलिका जेलचे दाणे मिळाले तर उत्तमच, बियाच्या वजनाइतके घ्यायचे आणि रंग बदलला की कढईत मंद भाजून परत वापरायचे. चवळी, घेवडा, भेंडी यांना मात्र आठवडाभरच ठेवा. ही बियाणी फार कोरडी झाली की दगडी होतात, पाणी पीत नाहीत.

एवढं झाल्यावर तुमच्या मूळ प्रश्नाकडे येते. काचेची घट्ट झाकणाची बरणी घ्या, शक्यतो लहान आणि काठोकाठ भरेल अशी. आत कागदी पुड्या, त्यांवर वाणाचं नाव आणि साल. ओलं बी हवाबंद करण्यापेक्षा उघडं ठेवलेलं बरं, बंद बरणीत ते घुसमटून कुजतं. आणि तुमचा तो माळा आजच बदला. आमच्या सासूबाई बियाची गाडगी चुलीवरच्या आढ्याला टांगायच्या. तिथे बारा महिने धूर आणि कोरडी धग असायची, कीड फिरकायची नाही. आता चूल गेली, गॅस आला, धूर संपला, आणि त्या जागी कुकरची वाफ चढते. जागा तीच राहिली, गुण उलटा झाला. पलंगाखालची पेटी, उत्तरेकडच्या भिंतीचं कपाट, फ्रीजचा खालचा कप्पा, यांतलं काहीही चालेल. हळद जमिनीखालच्या पेवात वर्षानुवर्षं टिकते मग बी का नाही, असं हरिपूरच्या एका भावकीतल्या माणसाने मला विचारलं होतं. पेवातली हळद शिजवून वाळवलेली असते, तिला उगवायचं नसतं.

जागेचा फरकही पडतो. माण, खटाव, आटपाडी, जत या कोरड्या पट्ट्यात साध्या मडक्यातलं बी जेवढं टिकतं, तेवढं पाटण-जावळीच्या पावसात टिकत नाही. हे मला २०१९ ने शिकवलं. ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी घरात शिरलं, आम्ही अंगावरच्या कपड्यांनिशी बाहेर पडलो. आठ दिवसांनी परतलो तेव्हा कपाट आडवं पडलेलं, पुड्यांचा लगदा झालेला. सासूबाईंच्या हातचं वांग्याचं बी कापडी पुरचुंडीत होतं, ते चिखलात गेलं. मी त्या पुरचुंडीपाशी बसून रडले, दुसऱ्या कशासाठी नाही रडले तेवढी. दिवाळीला आटपाडीची नणंद आली, पदराच्या गाठीतून औषधाची एक बाटली काढली. दोन वर्षांपूर्वी मीच तिला मूठभर दिलं होतं, मी विसरले होते. शंभर बिया मोजून लावल्या, एकसष्ट उगवल्या. आज माझ्या रोपवाटिकेतलं प्रत्येक देशी वांगं त्या एकसष्ट रोपांचं आहे. तेव्हापासून प्रत्येक वाणाचं बी मी दुसऱ्या गावात, दुसऱ्या घरात ठेवते. कायद्याची भीती कोणी घातली तर ऐकू नका. २००१ च्या पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्याने आपल्या शेतातलं बी राखायचा, पेरायचा, देवघेव करायचा आणि ब्रँडचं नाव न लावता विकायचाही हक्क शेतकऱ्याला दिलेला आहे.

किती वर्षं टिकतं? कांद्याचं बी वर्षाच्या आत वापरा, त्यावर भरवसा नाही. भेंडी आणि मिरची दोन वर्षं, चवळी-घेवडा दोन-तीन, वांगी-टोमॅटो तीन-चार, काकडी-दोडका-भोपळा नीट ठेवले तर त्याहूनही जास्त.

लागवडीच्या तीन आठवडे आधी, म्हणजे जानेवारीत, प्रत्येक वाणाच्या ५० बिया मोजून ओल्या सुती फडक्यात ओळीने मांडा, गुंडाळी करून घरातल्या उबदार कोपऱ्यात ठेवा, फडकं ओलसर राहील एवढंच पाणी शिंपडा. चवळी चार-पाच दिवसांत कळते, भेंडी आठवड्यात, वांगी-मिरचीला दोन आठवडे द्या. विकतच्या प्रमाणित बियाण्याला भेंडीत किमान ६५ टक्के, वांगी-टोमॅटोत ७०, मिरची आणि वेलवर्गीयांत ६० टक्के उगवण लागते. तुमचं त्याच्या जवळपास असेल तर निश्चिंत लावा. ४०-५० टक्के निघालं तर एका जागी दोन-तीन बिया टोका. त्याखाली असेल तर पीक घेण्यापुरतं दुसरं बी आणा, पण उगवतील ती चार झाडं बियाला राखून ठेवा. कारल्याचं आणि वांग्याचं बी काढल्या काढल्या तपासू नका, ताजं बी काही आठवडे झोपलेलं असतं. कारल्याच्या बियाचं टोक नखकटरने किंचित उडवून रात्रभर भिजवलं की ते लवकर येतं.

यंदा तुमच्याकडे दोडक्याचं बी उरलेलं नाही असंच धरा आणि कुंपणावरची कडू दोडकी पावसाळ्यातच मुळासकट काढा. माझ्याकडचा देशी दोडका दोऱ्याने बांधून धरलेला आहे. जानेवारीअखेर कोणाला पलूसला पाठवलंत, तर पंधरा बिया देईन. मोठ्या मांडवाला त्या पुरतात. पुढच्या वर्षी त्यातल्या पंधरा दुसऱ्या कोणाला द्या.